बजेट होईपर्यंत

बंदरावर त्याला सगळे 'थांबा' म्हणत. तोंडावर थांबासाहेब, पाठीमागे नुसतंच थांबा. नाव ठेवणाऱ्यांनी काही चुकीचं ठेवलं नव्हतं. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणारा तो एजंट, पण त्याची सगळी कीर्ती होती ती माल वेळेवर न सोडवण्याची. कोणी यंत्र मागवलेलं असो, कोणी फरशा, कोणी घड्याळं, गिऱ्हाईक धापा टाकत येई आणि म्हणे, "आजच्या आज काढून द्या." हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणे, "थांबा."

थांबायला कारण असे. बोटीतून उतरलेला माल लगेच नेलाच पाहिजे असं नाही. कस्टमच्या गोदामात तो ठेवता येतो. भाडं आपलं, कुलूप सरकारचं. आणि ड्यूटी लागते ती माल ज्या दिवशी गोदामातून बाहेर काढाल त्या दिवसाच्या दराने. आज दर चढा असेल आणि थोड्या दिवसांत उतरणार असेल, तर शहाण्याने भाडं भरावं आणि गप्प बसावं. दर उतरणार हे कळणार कसं? एजंटला ते कळे. मंत्र्याने भाषणात एखादा शब्द सहज टाकावा, कारखानदारांच्या सभेत कोणीतरी चिडून उठून जावं, आणि इकडे याने गिऱ्हाइकाला सांगावं, "बजेटपर्यंत थांबा." बहुतेक वेळा खरं ठरे. ठरलं नाही की तो त्या गिऱ्हाइकाचा फोन घेत नसे.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते मूर्खपणातून झालं असं कोणी समजू नये. मूर्ख माणूस फसला की आपण हसून मोकळे होतो. हा माणूस आपल्या धंद्यात पक्का होता, आणि तेच त्याला भोवलं.

त्याची बायको म्हणजे गावाची मास्तरीणबाई. शाळेतली नव्हे, गाडीची. तिचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाने स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते तिच्या शेजारी बसून. तिच्या बाजूलाही एक ब्रेक असे, आणि तो दाबायच्या आधी ती तोंडाचा ब्रेक वापरी. एकदा एक जाडजूड ठेकेदार चढावावर गाडी मागे सरकायला लागल्यावर डोळे मिटून देवाचा धावा करू लागला, तेव्हा ही म्हणाली, "ठेकेदार, आधी ब्रेक दाबा. देव काही पळून जात नाही." त्या ठेकेदाराने हे गावभर स्वतःच सांगितलं. तिच्याकडून शिव्या खाल्ल्याचा लोकांना अभिमान वाटे.

एजंटला मात्र गाडी येत नव्हती. लग्नानंतर एकदा तिने शिकवायला घेतलं होतं. त्याने मैदानाच्या भिंतीला गाडी लावली आणि वर म्हणाला की भिंतच चुकीच्या जागी बांधली आहे. तेव्हापासून तो शेजारी बसे, ती चालवी. रविवारी दोघं बाहेर पडत, कुठे जायचं ते ठरवत नसत. ती चालवताना गुणगुणायची. घरात कधी गुणगुणायची नाही, गाडीतच.

मग तिचा डावा पाय क्लचवर दमायला लागला. आधी वाटलं वय. मग ती पायऱ्यांवर अडखळली, मग एका शिकाऊ पोराच्या वेळी ब्रेक दाबायला पाय उचललाच गेला नाही. पोराने स्वतःच गाडी थांबवली म्हणून निभावलं. त्याच दिवशी तिने स्कूलची पाटी उतरवली. डॉक्टर म्हणाले, स्नायू झिजायचा आजार आहे, पायांपासून वर चढतो. किती वेगाने, असं विचारल्यावर म्हणाले, "काही जणांना बरीच वर्षं लागतात." एजंटने त्यातलं 'बरीच वर्षं' ऐकलं. मास्तरीणबाईने 'काही जणांना' ऐकलं.

वर्षाच्या आत ती चाकाच्या खुर्चीत आली. तोंड तेवढंच चालू होतं. खुर्ची ढकलताना एजंट दाराला आपटला की म्हणायची, "कडेने घ्या, कडेने. भिंत बरोबर जागी आहे."

तिचा धाकटा भाऊ परदेशात असे. त्यानेच ती गाडी शोधून काढली. पायांनी काही करायचंच नाही अशी गाडी. स्टिअरिंगपाशी एक दांडा. ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. बसायची सीट दाराबाहेर वळून येई. आपल्याकडे अशी कोणी बनवत नाही. तिकडे त्याच्या शेजारची एक म्हातारी तशीच गाडी घेऊन रोज भाजी आणायला जाई. भाऊ फोनवर म्हणाला, "दाजी, इथे ही मास्तरांच्या पगारात येते. मी घेऊनच टाकली आहे. पाठवतो."

"पाठव," एजंट म्हणाला. "तुझ्या इथे मास्तरांच्या पगारात येते, इथे उतरली की मंत्र्यांच्या पगारात जाईल."

"पण गाडी तीच ना? तोच कारखाना, तेच स्क्रू."

हा एजंटचा आवडता विषय. त्याने खुर्ची ओढून घेतली. "अरे, गाडी तीच, पण तुमच्याकडे ती घरची लेक आणि आमच्याकडे परकी पाहुणी. पाहुणी दारात आली की आधी विचारायचं, काय आणलंस? आमचे कारखानदार म्हणतात, बाहेरची गाडी स्वस्त आली तर आमची कोण घेणार? म्हणून सरकार दारात भिंत घालतं. काही देशांत तर कारखानाच नाही, तरी भिंत आहे. का? तर लोकांच्या खिशातून पैसे काढणं कठीण, पण बंदरात आलेली गाडी कुठे पळून जाते? तिला धरलं की काम झालं. बरं, ड्यूटी नुसत्या गाडीवर नाही हां. गाडी, अधिक बोटीचं भाडं, अधिक विमा, या सगळ्यावर ड्यूटी. मग त्या ड्यूटीसकट जी बेरीज होते तिच्यावर आणखी एक कर."

"म्हणजे करावर कर?"

"आता कुठे तुला समजायला लागलं."

पलीकडून मास्तरीणबाई ओरडली, "त्याला शिकवू नका, गाडी पाठवू द्या."

गाडी आली. बोटीतून उतरली तेव्हा एजंटने बंदरावर उभं राहून पाहिली. फिकट निळी, मागच्या काचेवर तिकडच्या कुठल्यातरी दुकानाचा कागद अजून चिकटलेला. हिशेब व्हायचा तोच झाला. नाकापेक्षा मोती जड. गाडीच्या किमतीहून ड्यूटी मोठी. पण पैसे नव्हते असं नव्हे. स्कूलच्या दोन्ही गाड्या विकल्याचे पैसे बँकेत होते, आणि ते याचसाठी आहेत असं दोघांचं बोलणं झालं होतं. त्या दिवशी भरले असते तर रविवारी ती गाडीत असती.

पण त्याच आठवड्यात त्याच्या कानावर आलं होतं की येत्या बजेटमध्ये अपंगांच्या गाड्यांवरची ड्यूटी उठणार. पूर्ण उठणार. खबर पक्की होती. खुद्द कस्टमच्या मोठ्या साहेबांनी चहा पिता पिता डोळा मिचकावला होता. आता सांगा, आयुष्यभर दुसऱ्यांना थांबा म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरची गाडी सगळी ड्यूटी भरून काढायची? बंदरावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हमालसुद्धा म्हणाले असते, "थांबासाहेब, घरचं आलं की घाई होते वाटतं."

गाडी गोदामात गेली.

मास्तरीणबाई म्हणाली, "मला बघू तरी द्या." एक दिवस त्याने तिला रिक्षातून नेलं. रखवालदार ओळखीचा, त्याने दार उघडून दिलं. आत लाकडी खोक्यांच्या रांगा, मध्ये ही गाडी. गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवलेली होती, कारण गोदामात इंजीन सुरू करायला परवानगी नव्हती. त्याने आणि रखवालदाराने मिळून तिला सीटवर बसवलं. सीट हाताने आत वळवली. तिने दार स्वतः ओढून घेतलं. दांडा धरला, ओढला, ढकलला, परत ओढला. बंद गाडीत तिने एक वळण घेतलं, एक गिअर मनातल्या मनात बदलला, समोरच्या खोक्याला हॉर्न द्यायला गेली आणि हॉर्न वाजला नाही तेव्हा हसली. मग समोर खोकी नसल्यासारखं बघत ती गुणगुणायला लागली. रखवालदार मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला.

उतरायच्या आधी तिने एजंटचा हात धरला. तिची पकड तेव्हा घट्ट होती. "अहो, ऐका. माझे हात आहेत तोवर काढा ही."

"तुझे हात कुठे जातायत?" तो म्हणाला. "बजेट होऊ दे. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. एवढा पैसा कशाला त्यांच्या घशात घालायचा?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "बरं."

चार महिने काही फार नव्हते. पण माणूस योजतो एक आणि होतं भलतंच. बजेटच्या तोंडावर सरकार पडलं. निवडणूक लागली. हंगामी सरकारने नुसतं खर्चापुरतं बजेट मांडलं, कुठल्याच दराला हात लावला नाही. खरं बजेट निवडणुकीनंतर, नवं सरकार बसल्यावर. मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं, "काढून टाका हो गाडी. कशाला अडकून बसलाय?"

एजंटने रात्रभर नव्हे, पण जेवताना, आंघोळ करताना याचा विचार केला. मग त्याला वाटलं, आता भरले तर इतके दिवस भरलेलं गोदामभाडं फुकट. इतकं थांबलो ते मातीत. आणि भरल्यावर आठवड्यात बजेट आलं तर? स्वतःच्या गिऱ्हाइकांना तो नेमकं हेच सांगत आला होता: अर्ध्यात पाय काढणारा सगळ्यात जास्त बुडतो. तो थांबला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला एजंट माहीत असणार.

ती त्याला परत काही बोलली नाही. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. तिला पटलं आहे, असं त्याने धरलं.

घरात काही काही बदलत होतं. ती चहा कपाने प्यायचं सोडून पेल्यातून नळीने प्यायला लागली. त्याने चिडवलं, "लहान झालीस का?" ती म्हणाली, "बरं लागतं." बटणांचे कपडे मागे पडले, डोक्यातून घालायचे सैल झगे आले. उन्हाळा आहे, त्याने म्हटलं, बरंच आहे. घड्याळ मनगटावर बांधायला ती त्याच्यापुढे हात करी, आणि तो लाडात येऊन बांधी. मग एक दिवस तिने घड्याळ नकोच म्हटलं. वर्तमानपत्र ती टेबलावर पसरून वाची आणि पान उलटायची वेळ आली की त्याला हाक मारी. यातलं प्रत्येक त्याने पाहिलं, आणि प्रत्येकाला काहीतरी कारण लावलं. कारणं लावण्यात तो पटाईत. कस्टमला कारणं लावण्यात त्याचा जन्म गेला होता.

आठवड्यातून तीनदा तिचे व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. एकदा जिन्यात त्यांनी त्याला गाठलं. इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "साहेब, ते गाडीचं काय ते लवकर करा."

"करतोच आहे. बजेट पुढच्या पंधरवड्यात आहे."

बाई काहीतरी बोलणार होत्या. ओठ हलले. मग म्हणाल्या, "ताईंनी मला सांगितलंय, यांना काही बोलायचं नाही. म्हणून मी बोलत नाही." आणि उतरून गेल्या.

यापेक्षा स्पष्ट कोणी काय बोलायचं? तो क्षणभर जिन्यात उभा राहिला. मग त्याचा फोन वाजला. कोणाच्या तरी फरशा अडकल्या होत्या.

बजेटच्या दिवशी कस्टमच्या कचेरीत टीव्हीपुढे सगळे जमले. नवे मंत्री वाचत होते. खतं झाली, कापड झालं, यंत्रं झाली. मग ते वाक्य आलं. अपंग व्यक्तींसाठी खास बनवलेल्या वाहनांवरची आयात ड्यूटी संपूर्ण माफ. आजपासून. कचेरीत आरडाओरडा झाला. कारकुनांनी टेबलं वाजवली. मोठे साहेब उठून त्याच्यापाशी आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानलं बुवा. तुमच्यासारखा एजंट या बंदरात झाला नाही." त्याने सगळ्यांना चहा पाजला. इतका आनंद त्याला मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता असं एकजण म्हणाला, आणि त्याला मुलगी नव्हती हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी एक पैसा न भरता बाहेर आली. बंदरावरच्या एका ड्रायव्हरने ती मैदानावर आणून उभी केली, जिथे मास्तरीणबाईने लोकांना शिकवलं होतं. एजंटने तिला काही सांगितलं नव्हतं. खुर्ची ढकलत मैदानाच्या कडेला आणली आणि म्हणाला, "बघ."

तिने पाहिलं. "धुवून आणलीत वाटतं," एवढंच म्हणाली.

सीट बाहेर वळली. त्याने तिला उचलून बसवलं. ती आधीपेक्षा हलकी लागली. सीट आत गेली. त्याने किल्ली फिरवून दिली आणि पळत पळत दुसऱ्या बाजूला येऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसला. इंजीन चालू होतं. समोर सगळं मैदान मोकळं.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने उजवा हात उचलला. मनगटातून तो लोंबकळत वर आला आणि दांड्यावर पडला. बोटं मिटली नाहीत. तिने खांद्याने रेटून पाहिलं, हात घसरून परत मांडीवर आला.

"थांब," एजंट म्हणाला. त्याने वाकून तिची बोटं एकेक करून दांड्याभोवती गुंडाळली आणि वरून आपला हात धरला. "आता ओढ."

"हं," ती म्हणाली. काही झालं नाही. त्याने हात काढला, बोटं उघडली.

त्याने परत गुंडाळली.

"राहू द्या," ती म्हणाली. "गाडी तापेल. बंद करा."

त्याने किल्ली फिरवली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी नवा शिकाऊ गाडी झटके देत चालवत होता. ती तिकडे बघत म्हणाली, "क्लच लवकर सोडतोय." मग म्हणाली, "किती वाचले?"

आकडा त्याच्या तोंडून निघून गेला. सवयीने, शेवटच्या पैशापर्यंत.

"बरेच आहेत की," ती म्हणाली. "त्यातून एक ड्रायव्हर ठेवा."

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. नेहमीच्याच आवाजात म्हटलं होतं, आणि म्हणून ते त्याला सोसलं नाही. तो म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस? एकदा नुसतं म्हणायचं होतं. मी त्याच दिवशी पैसे भरले असते. सगळे भरले असते."

"म्हटलं होतं. गोदामात."

"मग परत का नाही म्हटलंस?"

ती त्याच्याकडे न बघता बोलली. "परत काय म्हणायचं? घरात तर होतात तुम्ही. पेला बघत होता, झगे बघत होता. घड्याळ तर तुम्हीच बांधत होता. मला वाटलं, यांना सगळं दिसतंय आणि दिसूनही थांबलेत. म्हणजे यांनी हिशेब केला असेल, आणि हिशेबात मी बसले नसेन. मग मी कशाला तोंड वेंगाडू?" तिने मान वळवली. "इतके महिने मी रोज हेच धरून बसले होते. एकदा सांगून टाका. दिसत होतं ना तुम्हाला?"

एजंटला नळी आठवली. जिना आठवला, बाईंचे हलणारे ओठ आठवले. त्याला दिसत होतं. प्रत्येक गोष्ट दिसली होती आणि प्रत्येकीवर त्याने हात फिरवून ती बाजूला सारली होती. फोन वाजला तेव्हा जिन्यात त्याला बरंच वाटलं होतं. हे त्याला आत्ता, या क्षणी समजलं. आणि हेही समजलं, की हे तिला सांगितलं तर तिने जे धरलं होतं ते खरं ठरेल.

"नाही गं," तो म्हणाला. "तुझी शपथ. काही दिसलं नाही मला. मी आंधळा आहे."

ती त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली, शिकाऊ माणसाला आरसा नीट बघता येतो की नाही हे बघावं तसं. मग तिचा चेहरा सैल पडला.

"खरंच नाही दिसलं?"

"नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मग काही नाही. मी वेडी, उगाच काहीबाही धरून बसले." आणि ती रडायला लागली. पाय गेले तेव्हा रडली नव्हती, पाटी उतरवली तेव्हा रडली नव्हती. आता हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता त्याचीच समजूत घालत राहिली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. तुम्हाला कुठे माहीत होतं."

तिचे डोळे तिला पुसता येत नव्हते. ते त्याने पुसले. परत भरले, परत पुसले. ती डोकं त्याच्या खांद्यावर टेकून बसली होती, म्हणून त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं.